बेसलोड

मत्सर ही विश्वातली एकमेव अशी ऊर्जा आहे जिला इंधन लागत नाही, जिचा धूर होत नाही आणि जी ऊन-वाऱ्याची वाट न बघता अहोरात्र तयार होत राहते. मानवजातीने तिचा नीट उपयोग करून घेतला असता, तर एव्हाना पृथ्वीवरच्या सगळ्या खाणी बुजवून त्यांवर बागा करता आल्या असत्या. हे महान सत्य मला गवसलं तेव्हा मी एका माणसाची डावी पापणी अंगठ्याने वर ओढून उभा होतो, आणि तो माणूस "अहो, दुखतंय" म्हणत होता.

मी पापणी सोडली. सत्यही सुटलं. तो माणूस म्हणजे जहाजवाला, माझ्या बायकोचा वर्गबंधू. वर्गमित्र असं सगळे म्हणतात. मी वर्गबंधू म्हणतो, कारण त्यात बंधू आहे. जहाजांच्या इंजिनखोलीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं, मग जमिनीवर उतरला आणि इतर लोक ज्या वयात गुडघ्याचं तेल शोधतात त्या वयात विद्यापीठात ऊर्जा अभियांत्रिकी शिकायला लागला. माझी बायकोही तेच शिकते. एवढ्यावरून कुणाच्या पापण्या ओढू नयेत हे मला समजतं. पण पाचच मिनिटांपूर्वी हा गृहस्थ माझ्या चष्म्याच्या दुकानात शिरला होता, काउंटरवर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला होता, जसा काही मागे समुद्र खवळलेला आहे, आणि म्हणाला होता, "नमस्कार! तुम्हीच ना ते बेसलोड?"

"कोण?"

"बेसलोड. अहो, आमच्या वर्गात तुम्ही फार प्रसिद्ध आहात. पाहिलेलं कुणी नाही, पण नाव सगळ्यांना ठाऊक. तिनेच ठेवलंय."

'त्यांनी' नव्हे. 'तिने.' आणि एवढं बोलून त्याने काउंटरवरून वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. मी दुकानात उघड्या चपला घालतो, दिवसभर उभं राहायचं असतं. त्याने माझी बोटं नीट न्याहाळली आणि तो हसला. वाईट हसला असं म्हणवत नाही. ओळखीचं कुणी दिसल्यावर माणूस हसतो तसा माझ्या पायांच्या बोटांना हसला. मग म्हणाला, "जवळचं वाचताना त्रास होतोय हल्ली. जरा बघता का?" मी म्हटलं, "बघू." आणि पडद्याआडच्या चाचणीच्या खोलीत त्याला नेऊन खुर्चीत बसवलं, दिवा मालवला. त्या काळोखात अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला असतो आणि माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत न्यायाधीश बसलेत, खाटीक बसलेत, नव्या नवऱ्या बसल्यात, आणि सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारला आहे: पहिलं बरं, की दुसरं? भिंग बदलायचं, पुन्हा विचारायचं. आता पहिलं, की दुसरं? जगात हा एकच प्रश्न आहे असं मला पूर्वी गमतीने वाटायचं. हल्ली गमतीने वाटत नाही.

ही शिकायला लागली ती एका पंपामुळे. आमच्या इमारतीतला पाण्याचा पंप टाकी भरल्यावरही चालत राहायचा. जिन्यात त्याची घरघर यायची, आम्हा सगळ्यांना ती झोपेसारखी सवयीची झाली होती. हिला झाली नाही. ती इमारतीच्या चिटणीसांकडे गेली आणि म्हणाली, हा उगाच चालतो. चिटणीस म्हणाले, "बाई, पंप आहे तो. चालणारच." त्यांना कल्पना नसेल, पण त्या एका 'बाई'मधून एक विद्यार्थिनी जन्माला आली. हिने पुस्तकं आणली. पंपापाशी स्टूल टाकून बसायला लागली. मला वाटलं, वयाचा परिणाम असेल, काही बायका या वयात मातीची भांडी भाजायला लागतात, ही पंपापाशी बसते. मग एका संध्याकाळी म्हणाली, "मोठ्या वयाच्या माणसांना पण घेतात म्हणे विद्यापीठात." मी म्हटलं, "घाल की अर्ज." ते मी ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आठवतो. जेवताना आपण मीठ पुढे करतो त्या सुरात म्हटलं. तिला घेतलं. चिटणीसांना आनंद झाला, निदान दुपारी तरी पंप एकटा सापडेल म्हणून. मला काय झालं हे मी बराच काळ नीट पाहिलंच नाही. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यात बघता येत नाही, आरसा लागतो, आणि दुकानातले आरसे चौकट कशी दिसते एवढंच दाखवतात.

आधी शब्द बदलले. घरात पूर्वी जे 'उकडतंय' होतं ते आता 'उष्णता बाहेर जायला वाव नाहीये' झालं. गार चहा 'परिसराशी समतोलात' गेला. मी रागावलो तर ती म्हणे, "दाब वाढलाय, थोडी वाफ सोडा." हे सगळं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की ही दिवाणावर भिंतीला लोड लावून, लोडाला पाठ लावून, पाय पसरून, मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन बसलेली असायची. तो लोड तिच्या माहेरचा. आत कापूस आहे की दगड, हे आजवर ठरलेलं नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं त्याच्यावर मी टेकायचो, पेपर वाचायचो. आता तो विद्यापीठाच्या ताब्यात गेला आणि मी खुर्चीवर आलो. खुर्चीवरून ती वेगळी दिसते. कपाळावर आठी, ओठांत पेन्सिल, आणि चेहऱ्यावर एक थकवा, पण असा थकवा मी तिच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता. घरकामाचा थकवा चेहरा विझवतो. हा आतून पेटवत होता. मी खुर्चीवरून पेपराआडून बघायचो आणि मला वाटायचं, हे कुणी लावलं? हा दिवा माझ्या घरातला, बटण कुणाकडे आहे?

बटण कुणाकडे आहे ते फोनवरून कळलं. एका रविवारी ही फोनवर बोलत होती. म्हणाली, "अरे, तू परत मांड ते. टर्बाइनच्या गणितात तू नेहमी तिथेच घसरतोस. वेडा आहेस का तू?" मी आतल्या खोलीत मोजे शोधत होतो. एक मोजा हातात होता. तसाच उभा राहिलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ही मला 'अहो' म्हणते. अहो, ऐकलंत का, येताय ना, जेवलात का. मी एकदा, अगदी सुरुवातीला, म्हटलंही होतं, आपण दोघंच असताना तरी 'तू' म्हण. तेव्हा ती हसून म्हणाली, "जीभच वळत नाही." मी ते मान्य केलं. माणसांच्या जिभांची ठेवण वेगवेगळी असते, डोळ्यांची असते तशी. आणि आता बाहेरच्या खोलीत तीच जीभ, कसलाही सराव नसताना, कसरतपटूसारखी वळत होती, कोलांट्या घेत होती. तू मांड, तू घसरतोस, तू वेडा. मला आजवर तिने एकदाही वेडा म्हटलेलं नव्हतं. फार फार तर, "तुम्हाला वेड लागलंय." दोन्हींत केवढं अंतर आहे! वेड लागणं हा आजार झाला, वेडा असणं हा अधिकार आहे. त्या दिवसापासून मी क्रियापदं ऐकायला लागलो. हिच्या तोंडून जे काही निघेल त्याचं शेपूट आधी बघायचं. जेवताना ती मला म्हणायची, "मीठ द्या." आणि संध्याकाळी फोनवर जहाजवाल्याला, "ते आकडे दे बघू." द्या आणि दे. तसं पाहिलं तर चिमूटभर फरक. पण सगळं मीठ त्या चिमटीत होतं. मी आडून आडून प्रयत्नही केले. भांडण काढून पाहिलं, म्हटलं, रागाच्या भरात तरी निसटेल. पण ही रागावली की आणखीच आदराने बोलते. "तुमचं म्हणणं तुमच्यापाशी ठेवा." वाफ सुटते, पण वाकडी नाही, सरळ वर.

मग तो कॅमेरा आला. विद्यापीठाने त्यांच्या गटाला उष्णता दाखवणारा कॅमेरा दिला होता. घरातून उष्णता कुठून निसटते ते शोधायचं, असा अभ्यास होता. त्यातून पाहिलं की गार वस्तू निळ्या दिसतात, गरम वस्तू पिवळ्या-लाल. हिने मला पहिल्यांदा त्यातून पाहिलं तेव्हा मी खुर्चीवर बसलो होतो. म्हणाली, "अहो, तुम्ही घरातली सगळ्यात गरम वस्तू आहात!" मी सुखावलो. मग म्हणाली, "कपाळ फक्त. हात गारच आहेत." त्यातली खरी मौज मला दुसऱ्या दिवशी कळली. माणूस उठून गेला तरी त्याने बसलेल्या जागेवर त्याची ऊब राहते, आणि कॅमेऱ्याला ती दिसते. थोडा वेळ. हळूहळू पिवळ्याची हिरवी होते, हिरव्याची निळी, मग ती जागा घरासारखी होऊन जाते. हे कळल्यावर मला विज्ञानाविषयी अचानक गोडी वाटायला लागली. आणि मग एका संध्याकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा जिन्यात जहाजवाल्याच्या बुटांचा आवाज खाली उतरत गेला. म्हणजे मला तो त्याचाच वाटला, मी लिफ्टमध्ये होतो. गट अभ्यासाला बसला होता आणि गट म्हणजे ही आणि तो. ही स्वयंपाकघरात कप विसळत होती. कॅमेरा टेबलावर. मी उचलला आणि दिवाणाकडे रोखला.

दोन डाग होते. एक मोठा, प्रशस्त, लोडाला टेकलेला. तो हिचा, मी ओळखतो. आणि त्याला जवळजवळ लागून दुसरा. लहान, पण लालभडक. मी वीत लावून पाहिली, दोघांच्या मध्ये माझी पुरी वीतही बसत नव्हती. मी त्या दुसऱ्या डागाकडे बघत राहिलो. वर्गाच्या फोटोत एवढा धिप्पाड दिसणारा माणूस आणि एवढीशी बैठक? पण तापट आहे. इंजिनखोलीत राहून आग अंगात मुरली असेल. तो विझेना. हिचा डाग हिरवा होत गेला, कडेने निळा झाला, आणि हा आपला लालच. मी बटणं दाबत होतो, जवळून बघत होतो, लांबून बघत होतो. आयुष्यात मी पुष्कळ काही पाहिलं नसेल, पण बायकोशेजारची परपुरुषाची ऊब विझताना, म्हणजे न विझताना, पाहणारा मीच पहिला असेन. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, चहा ठेवू का?" मी कॅमेरा ठेवला आणि त्या दुसऱ्या डागावर जाऊन बसलो. मुद्दाम. बुडाला काहीतरी टोचलं, पण तेव्हा मला टोचण्याचं कौतुक नव्हतं.

याच आठवड्यात तिने विचारलं. लांबच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज करणारं केंद्र आहे. तिथे अर्धं वर्ष राहून काम शिकायचं, दोघादोघांच्या जोड्या. हिची जोडी अर्थात जहाजवाल्याशी. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत ती म्हणाली, "जाऊ ना मी?" आणि मी म्हटलं, "बघू." माझ्या धंद्याला शोभणारा शब्द आहे. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, बघू. मग तिने विचारणं सोडलं. पण सदऱ्यांच्या घड्या बदलल्या. तिने विचारलं तोवर घडी म्हणजे घडी असायची, आता चौकोन व्हायला लागला. हे सांगून पटणार नाही, पण कपाट उघडलं की मला त्या चौकोनांतून ऐकू यायचं. आणि मी नाही म्हणत नव्हतो, हे लक्षात घ्या. नाही म्हणणारा माणूस वाईट ठरतो. मी फक्त शुक्रवारची वाट बघत होतो. शुक्रवार आपोआप येतो, त्याला कुणी वाईट म्हणत नाही.

आणि आता गुरुवारी जहाजवाला माझ्या खुर्चीत बसला होता, हनुवटी पट्टीवर टेकून, निमूट. मी त्याच्या नाकावर चाचणीची चौकट चढवली. "पहिलं बरं, की दुसरं?"

"दोन्ही सारखीच बरी आहेत हो."

"तसं नसतं. एक निवडायचं."

"मग पहिलं." थोड्या वेळाने म्हणाला, "तुमच्याकडे यायचं खरं कारण सांगू? चष्मा कुठेही मिळतो. ती काही बोलत नाहीये. तिकडे जायचं नक्की करू या म्हटलं, की म्हणते, घरून उत्तर आलेलं नाही."

घर म्हणजे मी. मी भिंग बदललं. "आता?"

"आता धूसर. ती नसेल तर माझं अवघड आहे, स्पष्टच सांगतो. गणितं सगळी तीच करते. मी आपला यंत्रावर कान ठेवून सांगतो, कुठलं खडखडतंय. मास्तर तिला पुढे बोलावून फळ्यापाशी उभं करतात. तुम्ही पाहिलंय का तिला फळ्यापाशी?"

मी पाहिलं नव्हतं. मला फळा दिसला. हिची पाठ दिसली, खडूने पांढरी झालेली बोटं दिसली, आणि मागे बाकावर बसून बघणारा हा. म्हणजे माझ्या बायकोचं एक रूप या माणसाच्या डोळ्यांत होतं आणि माझ्या डोळ्यांत नव्हतं, आणि ते डोळे या क्षणी माझ्या हातात होते. त्याच्या नंबरात थोडा तिरकसपणा होता. अशा नंबरासाठी आम्ही जे भिंग घालतो त्याला सिलिंडर म्हणतात, आणि ते ठरावीक कोनातच बसवावं लागतं. कोन जरासा चुकला तर चष्मा घातल्यावर जमीन एका बाजूला कललेली भासते, पायऱ्या फसवतात, माणूस भिंती धरून चालतो. भरतीच्या केंद्रावर, ओल्या लोखंडी जिन्यांवर, असा माणूस फार दिवस टिकणार नाही. सिलिंडर माझ्या चिमटीत होता. नुसता अंगठा सरकवायचा. मला आठवतं, मी त्या अंगठ्याकडे बघत होतो, तो दुसऱ्याचा असल्यासारखा. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ज्याने अर्धं आयुष्य जहाजावर काढलंय त्याला जमीन कललेली दिसली तर उलट घरी आल्यासारखं वाटेल. तो तिथे सगळ्यांपेक्षा सरळ चालेल. मी कोन बरोबर लावला. नीती टिकली ती अशी, निरुपयोग सिद्ध झाल्यामुळे.

"वा!" तो म्हणाला. "आता एकदम लख्ख." आणि तक्त्याची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. ती ओळ मला वाचता येत नाही, पाठ आहे. बाहेर आल्यावर चौकट निवडताना त्याने आरशात बघून विचारलं, "ही बरी दिसते का हो मला?" मी सगळ्यात कुरूप चौकट दाखवली. ती त्याला फार शोभली. जाताना म्हणाला, "उद्यापर्यंत उत्तर द्या हं, बेसलोड." आणि पुन्हा एकदा माझ्या बोटांकडे बघून हसून गेला.

बेसलोडचा अर्थ त्याला विचारायला माझी जीभ वळली नव्हती. शेजारी घड्याळजीचं दुकान आहे, त्याला विचारलं. त्याने डोळ्यावरचं भिंग न काढता विचार केला. "बेस म्हणजे तळ. लोड म्हणजे ओझं. तळातलं ओझं. गाळ म्हणा ना."

"गाळ?"

"नाहीतर मग ते, लोड घेऊ नका म्हणतात ना पोरं, त्यातलं असेल. डोक्याला ताप. की आपला साधा लोड? टेकायचा? वहिनींनी ठेवलंय ना नाव? मग जपून. बायकांनी ठेवलेली नावं खोलवर जातात. मला माझी काटा म्हणते."

"तासाचा?"

"तेच तर सांगत नाही."

दुकान लवकर बंद केलं. रस्त्यावर ऊन अजून होतं, भिंती तापलेल्या होत्या, आणि मला वाटलं, आत्ता कुणी कॅमेरा रोखला तर या रस्त्यावर एक लालभडक डाग घराकडे चाललेला दिसेल, हात तेवढे निळे. गाळ. ताप. ओझं. वर्गात तरण्या पोरांसमोर, फळ्यापाशी उभी राहून, खडू झटकत तिने म्हटलं असेल, आमच्या घरी एक ओझं आहे. पोरं हसली असतील. तो सगळ्यांत मोठ्याने. जिन्यात पंप चालू होता. नाही, बंद होता. मला उगाच ऐकू आला. तिने तो दुरुस्त करवून आता वर्ष होत आलं, तरी त्याची घरघर माझ्या कानांत अजून भरलेली आहे.

ही घरी आलेली नव्हती. मी दिवाणावर बसलो, लोडाला टेकलो, आणि तिचं जाडजूड पुस्तक उघडलं. शोधत शोधत ते पान मिळालं. शहराला दिवसभरात लागणाऱ्या विजेची रेषा काढलेली होती, डोंगरासारखी वर-खाली. आणि खाली, सगळ्या डोंगरांच्या तळाशी, एक जाड सपाट पट्टी. तिच्यावर लिहिलं होतं बेसलोड. अर्थ दिला होता: ज्या पातळीच्या खाली मागणी कधीही, कोणत्याही वेळी उतरत नाही ती. मी दोनदा वाचलं. पुरवठा नव्हे, मागणी. मनाच्या एका कोपऱ्यात मला आशा होती की मी निदान एखादं विजेचं केंद्र निघेन, अखंड धगधगणारं, ज्याच्या जिवावर घर उजळतं असं काही. तर मी मागणी निघालो. मोजे कुठायत, चहा झाला का, माझा चष्मा पाहिलास का. चोवीस तास, उतरत नाही. गाळ परवडला असता.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. ती आत आली, पिशवी खाली ठेवली, माझ्या मांडीवरचं पुस्तक पाहिलं. "काय शोधताय?"

"माझं नाव."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "आला होता वाटतं तो. मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मेल्याच्या! मी लोड घट्ट धरला. "वर्गात माझी फजिती केलीस."

"फजिती कसली! मास्तरांनी विचारलं, घरातली अशी गोष्ट सांगा जी कधीच पूर्ण बंद होत नाही. कुणी फ्रिज म्हणालं, कुणी आणखी काही. माझ्या तोंडून निघून गेलं, आमचे हे."

"आणि माझ्या पायांना का हसतो तो?"

आता ती खाली बसली, माझ्याच खुर्चीवर, कारण दिवाणावर मी होतो. डोळे पुसत म्हणाली, "त्या कॅमेऱ्यात तुम्ही दिवाणाचे फोटो काढून ठेवलेत. बटण दाबलं की फोटो निघतो त्यात. एक नाही, अख्खी माळ! आम्ही वर्गात पडद्यावर लावले तेव्हा कळलं. प्रत्येकात खाली कोपऱ्यात दहा पिवळी बोटं. मास्तर म्हणाले, ही उष्णता कुठून येतेय याचा खुलासा अहवालात नाही."

कपाळ किती लाल झालं असेल, देव जाणे. मग म्हटलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, "दुसरा डाग कुणाचा होता?"

"कुठला दुसरा?"

"तुझ्या शेजारचा. लाल."

ती आठवायला लागली. मग तिचा चेहरा बदलला. ती हसली नाही, आणि हसली असती तर बरं झालं असतं. "अहो, लॅपटॉपचा चार्जर होता तो, चादरीखाली सरकलेला. अभ्यासाला आला की तो बसतो या खुर्चीवर, मऊ जागी त्याला बसवत नाही. तुम्ही इतके दिवस चार्जरवर..." आणि ती थांबली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती माझ्याकडे बघत होती, पुस्तकाकडे बघते तशी, आठी घालून. गणित कुठे घसरलं ते तिला कळलं असावं. "म्हणून 'बघू' होतं होय ते?"

"नाही, तसं नाही..."

"उद्या शुक्रवार आहे. नको जाऊ म्हणायचं असेल तर म्हणा, मी ऐकीन. चिडेन पण ऐकीन. फक्त बघू म्हणू नका." तिने खुर्ची पुढे ओढली. "पहिलं, मी जाते. दुसरं, मी नाही जात. बोला. पहिलं की दुसरं?"

आजवर हजारो माणसांना मी त्या प्रश्नापुढे बसवलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटायचा त्याला मनातल्या मनात हसलो होतो. दोन्ही सारखीच, असं म्हणणाऱ्यांना दटावलं होतं. आता मला कळलं की त्यांना सगळं स्पष्ट दिसत असतं, म्हणूनच बोलवत नाही. पहिल्यात ती फळ्यापाशी उभी होती, खाऱ्या वाऱ्यात, हातात खडू की पाना, आणि ती तिकडे बघत होती. दुसऱ्यात ती इथेच होती, सदऱ्यांचे चौकोन करत.

"पुन्हा एकदा दाखव," मी म्हटलं.

"पहिलं. जाते. दुसरं. नाही जात."

"पहिलं," मी म्हटलं. घसा साफ केला. "पहिलं स्पष्ट आहे. पण मग घरात काय?"

"घरात काय म्हणजे? तुम्ही आहात ना." ती उठली, दिवाणाच्या कडेला टेकली, पुस्तकातली ती जाड पट्टी बोटाने दाखवत म्हणाली, "आम्हाला काही घरांच्या रेषा दिल्या होत्या अभ्यासाला. एका घराची सरळ शून्याला टेकलेली. मला वाटलं, मीटर बिघडला. मास्तर म्हणाले, मीटर ठीक आहे, तिथे कुणी राहत नाही." तिने पुस्तक मिटलं. "दिवसभर वरचे डोंगर आपण करतो, तेवढेच दिसतात. पण ही पट्टी आहे म्हणून कळतं, घर चालू आहे. तुम्ही झोपेतसुद्धा घोरता हो. मला तिकडे झोप कशी लागणार, हाच प्रश्न आहे."

माझ्या आत काहीतरी हललं, मोठं, जुनं, भरतीसारखं. सांगायचं असं पुष्कळ होतं. ऊर्जा नष्ट होत नाही, नुसती रूप बदलते, हे मी तिच्या पुस्तकात वाचलं होतं, आणि मत्सराचं नेमकं काय होतं हे मला त्या क्षणी कळलं होतं. मी लोड पोटाशी धरून ताठ बसलो, योग्य शब्दांसाठी छताकडे पाहिलं आणि म्हटलं, "हे बघ, इतक्या वर्षांत मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. माणसाच्या आयुष्यात..."

"अरे, ते राहू दे," ती म्हणाली, डोळे मिटून, मान मागे टाकत. "आधी तो लोड दे इकडे. पाठ भरून आलीय."